बंदराची धाकटी भिंत

"मी या घरात सवतीबरोबर नांदते," असं काकू तोंडात टाचण्या धरून गिऱ्हाइकांना सांगायच्या. त्या कपडे दुरुस्त करायच्या. पँटची उंची कमी करणं, कोटाचं अस्तर बदलणं, चेन बसवणं, अशी कामं. मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते, त्यामुळे त्यांच्या मशिनचा आवाज मला घड्याळासारखा सवयीचा झाला होता.

सवत राहायची मागच्या खोलीत. तीन भिंतींना लागून मोठ्या फळ्या ठोकलेल्या, त्यांच्यावर बोटाएवढी आगगाडी, स्टेशन, बोगदा, मासळीची गोदामं. हे सगळं त्यांच्या यजमानांचं काम. त्यांना आम्ही सगळे मुकादम म्हणायचो. बंदराच्या समुद्राकडच्या दगडी भिंतीची डागडुजी करणारी टोळी होती, तिचे ते चौतीस वर्षं मुकादम होते. निवृत्त झाले आणि या खोलीत शिरले, ते जेवणापुरतेच बाहेर यायचे.

सहा वर्षांत सगळं उभं राहिलं. राहिली होती फक्त समुद्राच्या कडेची भिंत. तिच्यावरून रूळ जायचे होते. चार फूट लांब, वीतभर उंच, एवढीच.

"जन्मभर भिंतीच केल्यात," काकू म्हणायच्या, "मग हीच का अडून बसलीय?"

"म्हणूनच," मुकादम म्हणायचे.

चौकात घड्याळं दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत. त्यांनाही या छोट्या रेल्वेचं वेड, आणि आम्ही त्यांना घड्याळजी म्हणतो. त्यांनी एकदा दगडांचं चित्र छापलेला पुठ्ठा आणून दिला. मुकादमांनी तो उलटसुलट पाहिला आणि परत केला. "ही भिंत नाही हो, भिंतीचा फोटो आहे."

एका सकाळी दाढी करता करता मुकादम बेसिनपाशी कोसळले. अर्धांगवायूचा झटका होता. तीन आठवड्यांनी घरी आले तेव्हा उजवा हात आणि पाय गेलेले, आणि बोलणंही गेलेलं. एकच शब्द शिल्लक राहिला होता. पाणी.

पंखा लावा म्हणायचं असलं तरी पाणी. उशी वर करा, दार लोटा, मुलीचा फोन आला का, सगळ्याला पाणी. सुरुवातीला घरात येईल तो ग्लास भरून त्यांच्या तोंडाशी धरायचा. ते मान फिरवायचे, डाव्या हाताने ग्लास ढकलायचे, पाणी अंगावर सांडायचं आणि काकू चादर बदलायला धावायच्या. दिवसातून चार-चारदा.

बोलायला शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून एकदा यायच्या. त्यांनी समजावलं, "त्यांना सगळं कळतं. शब्द आत अडकलेत. तोंडाला सापडतो तो एवढाच. तुम्ही धीर धरा."

"धीर किती धरायचा असतो?" काकूंनी विचारलं. बाईंनी वहीत पुढच्या आठवड्याची वेळ लिहिली.

मागच्या खोलीत चाकाची खुर्ची नेली की मात्र ते शांत बसायचे. काही दिवसांनी ते डाव्या हाताचं बोट भिंतीच्या मोकळ्या जागेकडे नेऊ लागले. पाणी. पुन्हा तिकडेच बोट. पाणी.

"भिंत हवीय का तुम्हाला?" काकूंनी विचारलं. त्यांनी डोळे मिटून मान हलवली. त्या मान हलवण्यावर काकूंनी सगळा डाव लावला. भिंत झाली की माणूस सावरेल, असं त्यांच्या मनाने घेतलं. तसं कोणी त्यांना सांगितलं नव्हतं.

घड्याळजींनी शिकवायला सुरुवात केली. थर्माकोलची पट्टी कापायची, तिच्यावर प्लास्टरचा थर द्यायचा आणि तो ओलसर असतानाच बोथट सुईने दगड कोरायचे. वाळलं की काळा रंग पाण्यात अगदी पातळ करून फिरवायचा, तो सांध्यांत उतरतो. मग जवळजवळ कोरड्या ब्रशने दगडांच्या वरच्या कडांवर राखाडी घासायचा. चाळीस वर्षं सुई धरलेला काकूंचा हात. पहिली भिंत आठवड्यात झाली, अशी सरळ की शिवणीची ओळ वाटावी.

मुकादमांनी ती पाहिली आणि डाव्या मुठीने तिच्यावर ठोसा मारला. "पाणी!"

"चूक आमचीच आहे," घड्याळजी पडलेला तुकडा उचलत म्हणाले. "सगळे दगड एका मापाचे झाले. आणि हे बघा, चार दगडांचे कोपरे एका जागी आलेत. अशी भिंत उभी राहत नाही."

दुसरी भिंत लहानमोठ्या दगडांची केली, सांधे चुकवून. पाणी, पाणी, पाणी. तिसरीला काकूंनी खालच्या बाजूला शेवाळाचा हिरवा पट्टा दिला, भरतीचं पाणी जिथवर चढतं तिथवर. "हेच ना? पाण्याची खूण?" त्यांनी मोठ्या आशेने विचारलं. मुकादम तिच्याकडे बघता बघता रडायला लागले. आवाज न करता, एका डोळ्यातून जास्त, एका डोळ्यातून कमी.

त्या दिवसापासून त्यांनी खाणं सोडलं. चमचा ओठांशी नेला की दात घट्ट. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. मुलगी परगावाहून फोनवर म्हणाली, "आई, ती खोली मोकळी कर. तिथे हॉस्पिटलसारखा पलंग बसेल. बाबांना त्याचा त्रासच होतोय, तुला दिसत नाही का?"

"दिसतंय गं, सगळं दिसतंय," काकू म्हणाल्या. "कळत काहीच नाही."

चौथ्या दिवशी दुपारी मला वरून काहीतरी मोडल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ काकूंचं ओरडणं. मी वर गेले तर त्या जिन्यात बसलेल्या. पदरावर प्लास्टरचा चुरा, गळ्यात कपडे मोजायची टेप.

"मी भिंत गुडघ्यावर मोडली," त्या म्हणाल्या. "आणि त्यांना म्हटलं, मरा एकदाचे आणि मला सोडवा. असं म्हटलं मी. बेचाळीस वर्षांच्या संसारात कधी अरे-तुरे केलं नाही, आणि आज मी असं बोलले. बाई सांगून गेल्यात ना, त्यांना सगळं कळतं म्हणून."

"काय केलं त्यांनी?"

"डोळे मिटून घेतले."

मी घड्याळजींना फोन करून मुकादमांपाशी बसायला बोलावलं आणि काकूंना हाताला धरून खाली आणलं. कुठे जायचं ते ठरवलं नव्हतं. चालता चालता त्याच म्हणाल्या, "बंदरावर चल."

ओहोटीची वेळ होती. काकू कठड्यापाशी थबकल्या. "इतकी वर्षं मी यांचा डबा घेऊन इथवर यायचे," त्या म्हणाल्या. "खाली कधी उतरले नाही. पायऱ्या निसरड्या आहेत म्हणायचे हे." मग चपला काढून त्या एकेक पायरी उतरल्या, मी मागोमाग.

खालून भिंत केवढी तरी मोठी दिसत होती. काकूंनी आधी तिला नुसता हात लावला. मग टेप काढली आणि गिऱ्हाइकाचं माप घ्यावं तशी मापं घ्यायला लागल्या. तळाचे दगड हातभर, वरचे वीतभर. "आणि ही ताठ उभी नाहीच, मागे रेललीय," त्या स्वतःशीच पुटपुटल्या. मग एका जागी त्या वाकल्या. दगडांच्या मधे मुठीएवढं चौकोनी भोक होतं, आणि त्यातून पाणी ठिबकत होतं. पुढे चार पावलांवर दुसरं, त्यापुढे तिसरं. समुद्र तर केव्हाच मागे हटलेला, तरी भिंत ठिबकत होती.

जवळच एक म्हातारा होडीचा तळ खरवडत बसला होता. काकूंनी त्याला विचारलं, "ही भोकं कशाला हो?"

"निचऱ्याची ती," तो म्हणाला. "भिंतीमागच्या भरावात पाणी मुरतं. त्याला जायला वाट नको? समुद्र बाहेरून टकरा देतो त्याने भिंत नाही पडत. मागे पाणी तुंबलं की पडते. पूर्वी इथे एक मुकादम होता, खमक्या माणूस. सळई घेऊन एकेक भोक मोकळं करत जायचा, आणि एखादं बुजलेलं दिसलं की आम्हालाच शिव्या. आता कुणी फिरकत नाही."

काकू तिथेच ओल्या वाळूत खाली बसल्या. "अगं," त्या मला म्हणाल्या, "ते पाणीच म्हणत होते. खरोखरीचं पाणी." आणि हसल्या, मग हसता हसता इतक्या रडल्या की म्हाताऱ्याने हातातलं खरवडणं थांबवलं.

चौथी भिंत त्यांनी घड्याळजींना विचारल्याशिवाय केली. मागे रेललेली, तळाशी मोठे दगड. विणकामाच्या सुईने अकरा भोकं पाडली आणि प्रत्येकाखाली गंजट रंगाचा एकेक ओघळ सोडला. ती त्यांनी मुकादमांपुढे ठेवली. मी दारात उभी होते.

मुकादमांनी डावी तर्जनी पहिल्या भोकावर ठेवली. मग दुसऱ्यावर. असं अकरा वेळा.

"पाणी," ते म्हणाले, पण हळू.

"हो. जायला वाट ठेवलीय," काकू म्हणाल्या. "आधीच सांगायचं नाही का?" आणि जीभ चावली. मुकादमांच्या घशातून एक विचित्र आवाज आला. ते हसणं होतं हे कळायला आम्हाला वेळ लागला. त्या दुपारी त्यांनी अर्धी वाटी पातळ भात खाल्ला. नळी टळली.

माणूस सावरला, असं मात्र मी म्हणणार नाही. हात तसाच राहिला, शब्द तेवढाच राहिला. पण सात आठवडे त्या खोलीत काम चाललं. काकू डाव्या हातात ब्रश द्यायच्या आणि मुकादम दगडांना रंग लावायचे. रेघ वाकडी जायची, रंग शेजारच्या दगडावर फासला जायचा. चिडले की ब्रश फेकायचे. काकू शोधून आणायच्या आणि धुऊन पुन्हा हातात द्यायच्या.

एकदा काम करता करता त्या म्हणाल्या, "त्या दिवशी मी बोलले ते..." मुकादमांनी आपल्या हातातला ब्रश काढून त्यांच्या हातात दिला आणि पुढच्या दगडाकडे बोट केलं. ती माफी होती की नुसतं काम पुढे रेटणं होतं, हे काकूंना आजवर ठरवता आलेलं नाही. मला सांगताना त्यांनी दोनदा विचारलं, "तुला काय वाटतं?" मी म्हटलं, माफीच. दुसरं काय म्हणणार?

दुसरा झटका आला तेव्हा भिंतीपुढे पारदर्शक राळेचा समुद्र ओतायचा राहिला होता. यावेळी मुकादम घरी परत आले नाहीत.

मुलगी आली, तेरा दिवस राहिली. खोली रिकामी करू, तू माझ्याकडे चल, म्हणाली. काकूंनी खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. मशिन पुन्हा सुरू झालं, पण अधूनमधून मधेच थांबायचं आणि बराच वेळ वर काहीच ऐकू यायचं नाही. तेव्हा मी काहीतरी निमित्त काढून वर जायचे. बहुतेकदा त्या अर्धवट शिवण मांडीवर घेऊन बसलेल्या असायच्या.

या महिन्यात घड्याळजी छोट्या रेल्वेवाल्या मंडळींना घेऊन आले. काकूंनी पहिल्यांदाच कुलूप काढलं. मंडळी वाकून वाकून बघत होती, वाहवा करत होती. त्यातले एक जाणकार गृहस्थ भिंतीच्या बोगद्याजवळच्या टोकाशी थांबले. तिथे रंग फासलेला होता.

"काम फार सुरेख आहे," ते म्हणाले. "एवढ्याच भागात जरा हात हललाय. मी घेऊन जातो, दोन दिवसांत नीट करून देतो."

काकूंनी भिंतीवर आडवा हात धरला.

"चहा टाकलाय," त्या म्हणाल्या. "घ्या, आणि मग निघा."