अँथुरियमचा वास

अकोल्याच्या दवाखान्यात माझ्या धाकट्या बहिणीच्या खोलीत फुलं न्यायला मनाई होती. रक्ताचा आजार, त्यात जंतूंची भीती. म्हणून मी अमरावतीच्या फुलबाजारात उभा राहून तिच्यासाठी मोबाइलवर फोटो काढायचो. झेंडू-शेवंतीचे नव्हे. त्यात आम्ही दोघं लहानाचे मोठे झालो. दर्यापूरकडे वडलांची फुलशेती होती. तिला बघायची होती ती नवरदेवाच्या गाडीवर लावतात ती परदेशी फुलं. ऑर्किड, लिली, अँथुरियम.

दुकानातल्या चाचांना आधी वाटलं, मी भाव काढायला आलेला दुसऱ्या दुकानाचा माणूस. बहिणीचं कळल्यावर मात्र ते स्वतः पाणी शिंपडून एकेक देठ उजेडात धरू लागले. त्या दिवसांत चांगली माणसं भेटली की मला उलट चीड यायची. त्यांच्या चांगुलपणानं तिचं काही होणार नव्हतं.

डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, फार तर महिना. तिच्या नवऱ्याने ते तिच्या कानावर घालायचं काम माझ्यावर टाकलं. मी तिला सांगितलं, रिपोर्ट सुधारतोय.

फोटो पोचला की तिचा फोन यायचा आणि प्रश्न एकच, वास कसा आहे. आता आमच्या घरची रीत अशी, की देवाला जायचं फूल हुंगायचं नाही. आणि कोणतं देवाला जाईल हे कुणी सांगावं, म्हणून कोणतंच नाही. पोत्यांनी फुलं तोडली, पण नाकाशी एक नेलं नाही. नेलं की वडलांचा धपाटा पाठीत. पन्नाशीतही माझी मान दुकानातल्या फुलांच्या बादल्यांवर वाकेना. मग काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. ऑर्किडला वेलचीचा वास दिला. अँथुरियमला सोललेल्या संत्र्याचा. ती अजून सांग म्हणायची आणि मी अजून सांगायचो. थापा मारायला सोकावलो होतो.

एका रविवारी बसने अकोल्याला गेलो, तोंडाला मास्क बांधून तिच्यापाशी बसलो. सकाळी तिला तपासणीला नेताना खाली काउंटरवर अँथुरियमचा गुच्छ दिसला होता. तिने चाकांची खुर्ची थांबवायला लावली आणि जन्मात पहिल्यांदा फूल नाकाशी धरलं. हे तिने अगदी शांतपणे सांगितलं. मग म्हणाली,

"दादा, त्या फुलाले तं वासच नाई. मंग रिपोर्टचंबी तू मले तसंच सांगून राहिला काय?"

खरं बोलायची तीच वेळ होती. ती मागत होती, हक्कानं मागत होती.

"नाई वं," मी म्हणालो, "रिपोर्ट चांगला हाय."

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग बरं म्हणाली, आणि जेवून निघालास का, असं विचारलं. त्यानंतर तिने कशाचाच वास विचारला नाही. बारा दिवसांनी ती गेली. तिला लेकीला काही सांगायचं असेल, कुणावर चिडायचं असेल, पोटभर रडायचं असेल. माझ्या खोट्याची लाज राखायला तिने ते सगळं आतच ठेवलं, आणि मी ठेवू दिलं.