मामांचा पिवळा डबा

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी रडले. तेरावं झाल्यावर अमोलदादाचा फोन आला तेव्हा मात्र मी ओरडले, ऑफिसात, सगळ्यांसमोर! अमोलदादा म्हणजे मामांचा मुलगा, चाकणजवळ निघोज्याला कंपनीत असतो. म्हणाला, "बाबांचा कॉम्प्युटर दुकानात देऊन एकदम साफ करून आणला बघ. लई कचरा होता त्यात." मी विचारलं, "आणि रिसायकल बिन?" "तीच तर पहिली रिकामी केली दुकानदारानं!"

आता तुम्ही म्हणाल, ती रिकामी करायचीच असते, त्यात एवढं काय? थांबा, सांगते. मामा लातूरकडचे. चाकणला एका कंपनीत क्वालिटीत होते. म्हणजे तयार पार्टच्या भोकात गेज, मापाची ठरलेली दांडी, घालून बघायचा आणि पास की नापास ते ठरवायचं. रिटायर झाल्यावर रहाटणीच्या घरी एक जुना कॉम्प्युटर घेतला आणि एका बोटानं मराठी टाइप करायला शिकले. कशासाठी, तर गावाकडून कंपन्यांत नवीन येणाऱ्यांना माप कसं घ्यायचं ते साध्या मराठीत लिहून द्यायचं होतं. "भिंतीवरची सूचना इंग्रजीत, ओरडणारा साहेब हिंदीत, अन् उभा राहिलेला गडी आपल्या औशाकडचा. पार्ट चुकणार न्हाई तर काय होईल गं?"

आमची शेवटची भेट दिवाळीत झाली. त्याच दुकानदारानं विंडोज नवीन टाकून दिलं होतं आणि मामांचा जुना फोल्डर उघडेना. उघडायला गेलं की परवानगी नाही! मामा लालबुंद. "माझ्याच घरात, माझीच फाइल, अन् मलाच परवानगी मागलालंय हे!" मी सेटिंगमध्ये जाऊन फोल्डरच्या मालकाचं नाव बदललं, तिथं मामांचं टाकलं. ते बघून खदाखदा हसले. "सगळी नोकरी कामगार म्हणून काढली, आता कुठं मालक झालो बघ!" मग मी सवयीनं बिन रिकामी करायला गेले, तर त्यांनी माझा हातच धरला. "ए, ते रिवर्कचं हाय!" कंपनीत भंगार लाल डब्यात जातं. पण थोडक्यात चुकलेला, दुरुस्त होण्यासारखा पार्ट पिवळ्या डब्यात ठेवतात. मामांना वाटलं, ही बिन म्हणजे तो पिवळा डबा. म्हणून अर्धवट राहिलेलं, शुद्धलेखन चुकलेलं प्रत्येक पान ते इमानेइतबारे तिथं टाकत होते... मी हसत सुटले. म्हटलं, "मामा, एखाद दिवशी कुणीतरी रिकामं करेल हे." ते म्हणाले, "क्वालिटीला न विचारता? कोण करतंय बघू की!"

केलं ना! मी तडक दुकानात गेले. "मॅडम, कचराच होता." "तुम्ही एक तरी फाइल उघडून बघितली?" "कचरा कोण उघडून बघतं?" अहो, माणूस जाऊन महिना झाला नाही आणि तुम्ही त्याच्या कामाला कचरा म्हणता! मामांच्या घरी येऊन दादालाही झापलं. मग मामी बोलल्या, अगदी हळू. "त्याला कशाला बोलतीस? त्याला काय ठाऊक, तिथं काय होतं? तुला ठाऊक होतं ना? मग तू का न्हाई सांगितलंस?"

खरंच, दोन मिनिटांचं काम होतं. मी त्या फाइली दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकू शकले असते, निदान दादाला एक मेसेज करू शकले असते. मला फक्त हसायला आलं होतं.

डिलीट झालेली फाइल लगेच पुसली जात नाही, तिच्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं की मग जाते. म्हणून मी कॉम्प्युटर कुणाला चालू करू दिला नाही. त्याची डिस्क काढून माझ्या लॅपटॉपला जोडली आणि रविवारभर रिकव्हरी लावून बसले. फाइली आल्या, पण उघडल्या की अक्षरांच्या जागी नुसते चौकोन... चौकोन... एकच पान धड निघालं:

"गेजवर जोर लावायचा न्हाही. तो आपल्या वजणानं आत गेला पाहीजे. जोर लावला तर नापास पार्टपण पास होतो. आत जात नसेल तर चिडू नका. आगोदर आपला हात पुसा मग परत बघा."

दादानं शुद्धलेखन नीट करू का म्हणून विचारलं. मी त्याच्या अंगावरच धावून गेले! तशीच प्रिंट काढली, आणि त्यानं ती कंपनीत आपल्या मशीनजवळ चिकटवली. बाकीची पानं गेली ती गेलीच. ती गेल्याचा राग आहे, दुकानदाराचा आहे आणि माझा स्वतःचाही आहे. परवा दादानं त्या कागदाचा फोटो पाठवला. खालच्या दोन ओळी आता नीट दिसतसुद्धा नाहीत... ओळीवर बोट ठेवून वाचणाऱ्यांचे तेलकट ठसे उमटलेत त्यांच्यावर.