दोन टप्प्यांचं टेनिस

मॅचचा स्कोअर दुसऱ्या दिवशी विसरायला होतो. कोण कुणाला काय बोललं, ते मात्र डोक्यात साचत जातं. मी नाशिकमध्ये टेनिसचा अंपायर. नोकरी ओझरला कारखान्यात, अंपायरिंग सुट्टीच्या दिवशी. यंदा व्हीलचेअर टेनिसच्या सिंगल्स स्पर्धेत महिलांच्या मॅचेस माझ्याकडे होत्या. तेव्हापासून भेटेल त्याला तिथलेच किस्से सांगत सुटलोय.

*

पहिली मॅच सायखेड्याच्या सुनंदाची. शाळेत शिक्षिका. मोटारसायकलच्या अपघातात एक पाय गेला, त्यानंतर टेनिस शिकली. मी शिडी चढून अंपायरच्या उंच खुर्चीत बसलो. तिने खालून नीट पाहिलं.

"सर, तुमच्या खुर्चीला चाकं नाहीत?"

"नाहीत."

"अरेरे! मग दिवसभर एकाच जागी?"

*

तिच्या वडिलांना सगळे भाऊ म्हणतात. ते व्हीलचेअर टेनिस पहिल्यांदाच बघत होते. या खेळात चेंडूचे दोन टप्पे चालतात, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सुनंदाने दुसऱ्या टप्प्यावर चेंडू मारला, तसा त्यांनी कपाळावर हात मारला. शेजारच्याने नियम सांगितला. भाऊ एकदम खूश!

पुढच्याच पॉइंटला समोरच्या मुलीनेही तेच केलं. भाऊ ताडकन उभे.

"ओ पंच! दोन टप्पे पडले, दिसत नाय का?"

"भाऊ, नियम दोघींना सारखाच."

"मंग आमच्या पोरीला काय फायदा?"

*

सेमीफायनलला इंदिरानगरच्या मेघनाचं चाक पंक्चर झालं. मेघना बँकेत क्लार्क. लहानपणापासून दोन्ही पाय अधू, जीभ मात्र फार तिखट. मॅच थांबवून रस्त्यापलीकडच्या सायकलवाल्याला बोलावलं. त्याने पंक्चर काढलं, खुर्चीला चाक बसवलं आणि लांब उभं राहून बघितलं.

"मॅडम, दोन्ही चाकं तिरकी हायेत. ठोकून सरळ करून देऊ?"

पटकन वळता यावं म्हणून ती मुद्दामच तिरकी असतात.

"नको दादा," मेघना म्हणाली. "त्या तिरकेपणावरच तर जिंकतेय!"

जिंकलीही.

*

फायनल सुनंदा विरुद्ध मेघना. सुरुवातीला प्रमुख पाहुणे हात जोडून म्हणाले, "तुम्हाला पाहिलं की माझं दुःख किती छोटं वाटतं!"

मेघनाने विचारलं, "कसलं दुःख, साहेब?"

साहेब सांगायला लागले. आधी गुडघे, मग जावई, मग बिल्डर. फायनल चांगलीच उशिरा सुरू झाली!

*

फायनल शेवटच्या सेटपर्यंत अटीतटीची झाली. मॅच पॉइंट सुनंदाचा. मेघना कोर्टाच्या कडेला गेलेला चेंडू गाठायला सुसाट गेली. चेंडू कसाबसा परतवला, पण वळताना चाक उचललं गेलं आणि ती पट्ट्याने बांधलेल्या खुर्चीसकट कुशीवर आडवी झाली.

चेंडू नेटजवळ हळूच उडाला. सुनंदासमोर अख्खं कोर्ट मोकळं.

प्रेक्षकांतून एक बाई ओरडली, "अगं थांब, पडलीय ती!"

सुनंदाने क्षणभर मेघनाकडे पाहिलं. मेघनाही तिच्याकडेच बघत होती. सुनंदाने हात उचलला आणि सगळा जोर लावून चेंडू मोकळ्या कोपऱ्यात मारला.

मी निकाल दिला. गेम, सेट, मॅच. सुनंदा चॅम्पियन! एकही टाळी पडली नाही. भाऊसुद्धा मान खाली घालून बसलेले. सुनंदाने रॅकेट मांडीवर ठेवली.

तेवढ्यात मेघनाने जमिनीवरूनच मान वर केली आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशी ओरडली,

"टाळ्या वाजवा की! पडलेय मी, मेले नाही!"