आतोबांचा नवा दस्ता

जगातली कुठलीही वस्तू मुळात वाईट नसते, वाईट असते ती तिची मूठ, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला आहे. तो म्हणजे माझे आतोबा, माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. अंबडच्या एका कारखान्यात, अवजारं घडवणाऱ्या टूलरूममध्ये त्यांनी नोकरी केली आणि निवृत्त होताना ती टूलरूम मनातल्या मनात घरी आणली. आत्याच्या तव्याला खुरप्याची मूठ आहे, छत्रीला सायकलच्या हँडलचं रबर आहे आणि कुकरच्या झाकणाला असं काहीतरी बसवलं आहे, की पाहुण्याला तो उघडताच येत नाही. आत्या कुरकुरते, पण दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात तिला आता तवा धरवत नाही, हेही खरं.

हा उद्योग घरापुरता असता तरी चाललं असतं. एकदा आम्ही वणीला देवीच्या दर्शनाला निघालो होतो. वाटेत चहाला थांबलो, तर समोरून एक म्हातारी काठी टेकत येत होती. काठी दोन बोटं जास्त उंच आहे, त्यामुळे बाईंचा खांदा वर चढतोय, हे आतोबांना दिसलं आणि त्यांचा चहा तसाच राहिला. डिकीतून करवत निघाली. म्हातारी आधी घाबरली, मग चिडली आणि शेवटी बाकड्यावर बसून निमूटपणे बघत राहिली. आतोबांनी काठी कापली, वर जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली आणि तिच्या हातात दिली. ती चार पावलं चालून पाहून म्हणाली, "आता लय बरं वाटतंय रं बाबा." आपण दर्शनाला निघालोय की सुतारकामाला, असं आत्यानं गाडीत विचारलं, तेव्हा आतोबा खुशीत खिडकीबाहेर बघत होते.

अशा माणसाचा खरा जीव मात्र एका रायफलीवर. साधी बोल्ट-अ‍ॅक्शन, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हातानं मागेपुढे ओढायचा. रीतसर परवान्याची. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागते आणि तेवढे दिवस आतोबांचं कशात लक्ष लागत नाही. दर रविवारी शहराबाहेरच्या रेंजवर जाऊन ते कागदी लक्ष्यावर नेम धरत, आणि पाचही गोळ्या रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या जातील इतक्या जवळ लागत. तो कागद पाहिल्याशिवाय पाहुण्यांना पोहे मिळत नसत.

गेल्या दिवाळीपासून मात्र गोळ्या पांगायला लागल्या. त्याच सुमारास त्यांच्या उजव्या हाताला बारीक कंप सुटला होता. तो आम्हा सगळ्यांना दिसत होता, बोलत मात्र कोणीच नव्हतं. आतोबांचं निदान अर्थातच वेगळं होतं. दोष दस्त्यात आहे, म्हणजे रायफलीचा जो लाकडी भाग खांद्याला टेकवतात त्यात. लाकूड म्हातारं झालं, असं त्यांचं म्हणणं. ज्या दिवशी नेम धरता येणार नाही त्या दिवशी रायफल कायमची जमा करून टाकीन, हेही ते एकदा सहज बोलून गेले होते. त्यामुळे मीच नव्या दस्त्याचा लकडा लावला.

कंपनीचा दस्ता परवडण्यातला नव्हता. दुकानदारानं बाहेरच्या बनावटीचा, काळ्या फायबरचा, स्वस्तातला मागवून दिला. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून आम्ही तो बसवला. स्क्रू मला आवळायला लावले, तुला शिकवतो म्हणून. गालाचा टेकू जरा वर, मागचा भाग जरा आखूड, असं कितीतरी संध्याकाळी चाललं. शेवटी डोळे मिटून त्यांनी रायफल खांद्याला लावली आणि डोळे उघडले, तेव्हा नजर बरोबर माशीवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुणेवर होती.

रविवारी रेंजवर त्यांनी पाच गोळ्या झाडल्या आणि मी कागद आणला. चार गोळ्या चार दिशांना गेल्या होत्या आणि पाचवी कागदावर नव्हतीच. मी घाईघाईनं दस्त्याला दोष द्यायला लागलो. स्वस्तातला माल, कुठेतरी हलत असणार वगैरे. आतोबा दस्त्यावरून हात फिरवत राहिले.

"नाही रे, अगदी बरोबर बसलाय. इतकी वर्षं नेम धरला, पण इतका बरोबर कुठलाच बसला नव्हता." मग कागदाची घडी करून खिशात घालत म्हणाले, "आता मी कशाला नावं ठेवू?"

मला त्या दुकानदाराचा मनापासून राग आला. एवढ्या कमी पैशांत दिलेली वस्तू, ती थोडी तरी वाईट निघायला हवी होती.

घरी आत्यानं दार उघडलं. तिनं आधी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मग खिशातल्या घडी घातलेल्या कागदाकडे. तिनं तो मागितला नाही.

"नवीन आहे ना," ती म्हणाली. "अंगाला बसायला वेळ लागणारच. पुढच्या रविवारी मीही येते."

मुठीच्या बाबतीत आतोबांनी जन्मात कुणाचं ऐकून घेतलेलं नाही. ते तिच्याकडे बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "हो, लागेल थोडा वेळ."

आता दर रविवारी आम्ही तिघं जातो. गोळ्या पांगतात. कागद बघून आत्या प्रत्येक वेळी म्हणते, अजून बसतोय दस्ता. आणि सगळं कळून चुकलेले आतोबा तिला हो म्हणतात.