काचेबाहेरचा शत्रू

ऑर्विल टॉलेफसनने अमेरिकेतल्या डुलुथमध्ये जन्मभर लोकांची घरं तापवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त केल्या आणि निवृत्त झाल्यावर तळघरात एक भांडण पाळलं. भांडणच म्हणायचं, मासा कसला तो! केशरी, हातभर लांब, कपाळावर टेंगूळ, नाव शेरीफ. काचेच्या टाकीत दुसरा जीव सोडला की सकाळपर्यंत त्याच्या परांच्या चिंध्या. ऑर्विलच्या तळहाताखाली मात्र तासन्‌तास पाठ घासून घ्यायचा.

बायको वर्ना तळघराची पायरी उतरत नसे. एका ओळखीच्याने आपली माशांची टाकी मोडीत काढली, तेव्हा ऑर्विल तिथली मादी घेऊन आला. त्यावर वर्नाने निक्षून सांगितलं, की आता एक जरी मासा मेला तर टाकी घराबाहेर जाईल. ती बोलली की करते, हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

म्हणून बिचाऱ्याने सगळे उपाय केले. शेरीफला आपला इलाका ओळखू येऊ नये म्हणून टाकीतले दगड उपसून नव्याने रचले. दोघांना आधी पोटभर चारलं. मध्ये जाळी लावून आठवडाभर नुसती तोंडओळख होऊ दिली. जाळी काढली, आणि पहिले पाढे पंचावन्न. शेरीफने मादीला कोपऱ्यात कोंडलं, शेपूट फाडलं. ऑर्विलचा जीव टांगणीला लागला.

तेवढ्यात काय चाललंय बघायला वर्ना खाली आली, बर्फातून आलेली, लाल कोट अंगावर तसाच. दोन्ही मासे गर्रकन वळले आणि गाल फुगवून, जोडीने, काचेवर तिच्या दिशेने धडकले.

"मी काय यांचं घोडं मारलंय?" वर्ना म्हणाली.

"हलू नकोस गं," ऑर्विल कुजबुजला. "शेरीफ पहिल्यांदाच कुणाच्या बाजूने उभा राहिलाय."

झालं! रोज संध्याकाळी वर्नाला तो कोट घालून काचेसमोर बसावं लागे. आधी कुरकुरली. मग दर शुक्रवारच्या जेवणातला ठरलेला तळलेला मासा तिथेच बसून खायला लागली, त्यांना बघत. हळूहळू त्यांच्याशी बोलू लागली, कोळंबी भरवू लागली. मादीचं शेपूट भरून आलं, तिने दगडावर अंडीही घातली.

एके दिवशी दोघे शांतपणे वर्नाच्या बोटाशी आले. शत्रूच उरला नाही, तर मादीचं काय? घाबरून ऑर्विल पुढे वाकला, तर दोघे त्याच्यावरच धावून आले. त्याने नेहमीसारखा हात पाण्यात घातला. शेरीफने कडकडून चावा घेतला.

ऑर्विलला फार लागलं, आणि ते बोटाला नव्हे.

"इतकी वर्षं मी जपलं याला," तो म्हणाला.

वर्नाने त्याच्या बोटाला पट्टी बांधली. "मग आताही जप," ती म्हणाली आणि खुर्चीतून उठली.

ऑर्विलने डोळे पुसले, खुर्ची काचेजवळ ओढली आणि जमेल तितका दुष्ट चेहरा करून बसला.