आत्याची उलटी गाठ

पावलीन आत्या वारली, ही बातमी मी पहिल्यांदा सांगितली तेव्हा ती आमच्या मागच्या अंगणात बसून राजेळी केळी सोलत होती. त्याला आता चौदा वर्षं होतील. दुसऱ्यांदा ती सांगायची पाळी आली गेल्या महिन्यात, आणि या वेळी बातमी खरी होती. ऑफिसात बायकोचा फोन आला. "आत्या गेली... दुपारी जेवून जरा पडली होती, तशीच." मी रिसीव्हर ठेवला. शेजारच्या टेबलावरचे लोक विचारत होते काय झालं म्हणून, आणि मला ते सांगता येईना. पूर्वी एकदा हीच बातमी मी भर बाजारात, अगदी सहज सांगितली होती.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून ती आगाशीकडच्या आमच्या गावी माहेरी परत आली आणि वाडीतल्या केळींची जणू मालकीणच झाली. तिच्या हातची सुकेळी म्हणजे पिकलेली राजेळी सोलून, आठवडाभर उन्हात परतून परतून, मधासारख्या रंगावर आणलेली. मग ती केळीच्या वाळल्या पानात गुंडाळायची आणि केळीच्याच खोडाच्या सोपटातून काढलेल्या दोरीने बांधायची. आमच्याकडे पुष्कळ घरांतून सुकेळी होतात, पण आत्याचं पुडकं लांबून ओळखू यायचं, ते गाठीवरून. तिच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं आत वळलेली होती. ती पुडकं गुडघ्याखाली दाबायची, अंगठा आणि तर्जनी एवढ्यांनीच दोरी उलट्या बाजूने फिरवायची, आणि गाठीचं टोक झुरळाच्या मिशीसारखं वर उभं राहायचं. गिऱ्हाइकं म्हणायची, "ती उलट्या गाठीची द्या." बोटं वातामुळे वळली आहेत असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. तीही.

मग एका उन्हाळ्यात गावात सरकारी तपासणी झाली. कुष्ठरोगाचं काम करणारा एक तरुण माणूस सायकलवरून घरोघर आला. आत्याच्या दंडावर एक फिकट चट्टा होता. त्याने तिला डोळे मिटायला सांगितलं आणि कापसाच्या बारीक वातीने चट्ट्यावर स्पर्श करून विचारलं, कुठे लागलं ते बोट ठेवून दाखवा. आत्या डोळे मिटून तशीच बसून राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "अरे बाबा, सुरू कधी करणार?" त्याचं दहा वेळा झालं होतं. पुढे ही गोष्ट ती सगळ्यांना रंगवून सांगायची. (आमच्या घरच्या बोलीतलं तिचं बोलणं मी इथे सर्वांना समजेल असं लिहितो आहे, त्यातली निम्मी मजा त्यामुळे जाते, पण इलाज नाही.) ती म्हणायची, "उभ्या जन्मात इतक्या हलक्या हाताने मला कोणी शिवलं नव्हतं, आणि नेमकं तेच मला कळलं नाही."

त्या माणसाने आम्हाला ओट्यावर बसवून नीट समजावलं होतं. हा एका जंतूमुळे होणारा आजार आहे, पाप किंवा शाप नाही. बहुतेकांच्या अंगात त्याला तोंड देण्याची ताकद असतेच. आत्याचा प्रकार तर न पसरणारा आहे. गोळ्या नेमाने घेतल्या की आजार जाईल, बोटं मात्र वाकडीच राहतील. पण वाकडं बोट म्हणजे आजार नव्हे. तिच्या हातचं खाऊन कोणाला काही होत नाही. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा, बी.ए. झालेला, सरकारी कचेरीत कारकून. सगळं मला समजलं. आणि तो माणूस सायकलवर बसून वळणापलीकडे गेल्यावर मी बाहेरच्या नळावर गेलो आणि साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले. पुढे रोज सुकेळी उचलून दिली की मी तसेच हात धुवायचो. आत्या बघायची. एकदा म्हणाली, "बस्त्याव, साबण संपत आला की सांग. नवीन आणून ठेवीन."

गावाने काय केलं ते वेगळं सांगायला नको. कोणी तोंडावर काही बोललं नाही. फक्त देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, ती ज्या बाकावर बसायची तो बाक हळूहळू रिकामा होत गेला. ती टोकाशी सरकून बसायची, कोणी येईल म्हणून. कोणी आलं नाही की दुसऱ्या रविवारी मधोमध बसायची. म्हणायची, "पाय मोकळे सोडता येतात."

शनिवारी ऑफिस अर्ध्या दिवसाचं असायचं. सुकेळीची टोपली घेऊन एस.टी.ने विरारच्या बाजारात जायचं काम माझं होतं. आजाराची कुणकुण तिथवर पोहोचली होती. एका शनिवारी दोन बायका पुड्याची गाठ बघून पुढे निघून गेल्या, आणि पुढच्या खेपेला मी जे केलं ते आत्या आणि बायको सोडून आजवर मी कोणाला सांगितलेलं नाही. बाजाराच्या अलीकडच्या थांब्यावर उतरलो, चिंचेखाली बसलो, आणि आत्याच्या एकेका पुडक्याची गाठ सोडून साधी गाठ बांधली. दोन महिने मी दर शनिवारी हेच करत होतो.

विरारच्या एक निवृत्त टीचर आमच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांनी टोपलीत हात घालून खालवर केलं.

"काय रे, उलट्या गाठीची कुठे गेली?"

आजूबाजूला माणसं उभी होती. ती आता करत नाही, एवढंच मला म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "ती बाई वारली, टीचर."

टीचरनी तिथेच कपाळापासून छातीवर क्रूसाची खूण केली. नाव विचारलं, गाव विचारलं. मी दोन्ही खरं सांगितलं. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस किती मूर्ख खोटं बोलतो, ते बघा.

दुसऱ्या रविवारी सकाळी आमच्या देवळात मिस्सा सुरू होण्याआधी फादरनी ती कोणासाठी आहे ते हेतू वाचले. फादर नुकतेच बदलून आले होते, माणसं अजून ओळखत नव्हते. "आजची मिस्सा, या गावच्या, उत्तम सुकेळी करणाऱ्या, नुकत्याच प्रभूकडे गेलेल्या पावलीनबाईंच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून..." दीडदोनशे माना एकाच वेळी मागे वळल्या. शेवटच्या बाकावर, मधोमध, पाय मोकळे सोडून, पावलीन आत्या बसली होती. तिने डोक्यावरचा पदर नीट केला आणि बाकीच्यांबरोबर स्वतःच्या आत्म्यासाठी सबंध मिस्सा ऐकली. प्रार्थनेतली तिची उत्तरं सगळ्यांत मोठ्याने येत होती.

मिस्सा संपल्यावर फादर घाईघाईने बाहेर आले आणि माफी मागू लागले. आत्या म्हणाली, "असू द्या, फादर. झालेली मिस्सा वाया घालवू नका. जपून ठेवा, पुढे लागेल."

आधी फादर हसले, मग सगळं अंगण हसलं. वर्षभरात पहिल्यांदा बायका आत्याभोवती घोळका करून उभ्या राहिल्या. एकीने हसता हसता तिच्या खांद्याला धरलं, आणि हात काढून घ्यायचं विसरून गेली. आणि त्या घोळक्याच्या कडेला, हातात मेणबत्ती घेऊन, विरारच्या टीचर उभ्या होत्या. ही मिस्सा त्यांनीच सांगितली होती आणि तिच्यासाठी त्या मुद्दाम एस.टी.ने आल्या होत्या. त्यांनी आत्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. आत्याने त्यांची नजर बरोबर पकडली होती.

घरी आल्यावर मी सगळं कबूल केलं. बोलता बोलता चिंचेखालच्या गाठींचंही सांगून टाकलं. वारल्याचं ऐकून ती पुडकी बांधता बांधता नुसती मान हलवत होती, गाठींचं ऐकल्यावर मात्र तिचा हात थांबला.

"मला मारलंस, ते चाललं," ती म्हणाली. "एक दिवस मरायचंच आहे. पण माझी गाठ का सोडलीस? या हाताला एवढं एकच जमतं, ते लोकांना ओळखू येत होतं..."

मग तिने एक पुडकं माझ्याकडे सरकवलं. "बस इथे. शीक. पुढच्या शनिवारपासून सगळी तू बांधायची, माझ्यासारखी. कोणी विचारलं तर कोणाची ते सांगायचं."

पाच चांगली बोटं असलेल्याला ती गाठ फार अवघड. दोन बोटं मुद्दाम मिटून घ्यावी लागतात. माझी गाठ सारखी सुटायची आणि आत्या खदखदून हसायची. "बी.ए.ला हे नव्हतं वाटतं?" त्या दिवशी उठल्यावर मी हात धुवायला विसरलो. आठवलं ते दुसऱ्या दिवशी.

पुढच्या शनिवारी टीचर आल्या. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "टीचर, उलट्या गाठीची आहेत. माझ्या आत्याची. तिला कुष्ठरोग आहे, गोळ्या चालू आहेत, तिच्यापासून कोणाला काही होत नाही." शेजारी उभं असलेलं एक जोडपं चालतं झालं. टीचरनी तिथेच एक पुडकं उघडलं, एक सुकेळं तोंडात टाकलं, सावकाश चावलं. "मेलेल्या बाईच्या मानाने हात अजून चांगला आहे," म्हणाल्या. निम्मी टोपली त्या दिवशी परत आली. आत्याने ती बघितली आणि ओट्यावर बैठक मांडली, "या, उरलेली आपणच संपवू." पुढच्या वर्षी टोपली रिकामी येऊ लागली. चार-पाच वर्षांपूर्वी दवाखान्याच्या डॉक्टरांनी आता औषध बंद म्हणून सांगितलं, तेव्हा तिने त्यांच्या टेबलावर एक पुडकं ठेवलं. त्यांना गाठ सुटेना. आत्याने सोडूनही दिली नाही.

मला मात्र तिची सवय जडली आहे. ऑफिसात फायलींच्या लाल फितींना मी तशीच गाठ मारतो, आणि शिपाई आमच्या साहेबांच्या नावाने नव्हे, माझ्या नावाने बोटं मोडतात.

आत्याला पोहोचवायला गाव लोटलं होतं. देवळात शेवटच्या बाकावर जागा नव्हती. मिस्सेचं बोलायला गेलो तेव्हा आताच्या फादरना मी सांगितलं, एक तिने आधीच जमा करून ठेवली आहे, ही दुसरी धरा.

तिच्या खोलीत वाशाला टांगलेल्या टोपलीत यंदाची शेवटची पुडकी होती. काही तिने बांधलेली, काही मी. बायको म्हणाली, मुंग्या लागतील, खाऊन टाकू. मी टोपली खाली घेतली आणि पुडकी ओट्यावर मांडली. तिची कोणती आणि माझी कोणती, ते मला ओळखता येईना. सगळ्यांची टोकं सारखीच वर उभी होती. मग मी घरातून कात्री आणली आणि एकेका पुडक्याची दोरी बाजूने कापली. गाठ एकाही पुड्याची सोडली नाही.