‘मवाबीण’ असं लिहिलेलं नाही

शनिवारी गार्डसाहेबांना कधी काही हवं नसायचं. शुक्रवारी दिवस मावळला की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत ते कुणाला एकही काम सांगत नसत. दाराशी खुर्ची टाकून बसत आणि जे जसं आहे ते फक्त बोलून दाखवत. “मास्तरीणबाई, स्टोव्ह गार आहे बरं का.” “आत अंधार पडला वाटतं.” मी उठायची आणि स्टोव्ह पेटवायची, दिवा लावायची. पहिल्या वेळी मी भाबडेपणानं विचारलं, “पेटवून देऊ का?” तर त्यांनी घाईघाईनं हात हलवला. “विचारू नका! मी हो म्हटलं की ते माझं काम झालं. तुम्हाला आपलं आपण वाटलं, तर ते तुमचं आणि स्टोव्हचं काय ते.”

ते बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडचे मराठी बोलणारे ज्यू; शनिवार हा त्यांचा विसाव्याचा दिवस, त्या दिवशी काम करायचं नाही आणि करवून घ्यायचंही नाही. दौंड-मनमाड मार्गावर रेल्वेत गार्ड होते, निवृत्त होऊन नगरला स्टेशनजवळच्या चाळीत राहिले. बायको वारलेली. एकुलता मुलगा रूबेन नागापूरच्या एका कारखान्यात फिटर होता. मी श्रीगोंद्याकडची, प्राथमिक शाळेत नुकती लागलेली, त्यांच्या शेजारच्या खोलीत भाड्यानं राहत होते. नगरात त्यांच्या धर्माची माणसं बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे धर्मावर वाद घालायला त्यांना दुसरं कुणी मिळत नसावं. म्हणून मी.

पुण्यात नोकरीला असताना कुणा बगदादी ज्यू म्हाताऱ्याजवळ बसून ते हे सगळं शिकले होते. त्यांचं म्हणणं असं, की देवानं आज्ञा दिल्या आणि त्यांचा अर्थ लावायचं काम माणसाकडे सोपवलं. आज्ञा मोडायची नाही, पण तिच्यातून माणसाला जाता येईल एवढी वाट शोधायची. “मग रेल्वेत शनिवारी ड्यूटी कशी केलीत?” मी त्यांना एकदा पकडलं. ते जराही गडबडले नाहीत. “गाडी ड्रायव्हर चालवतो. मी हिरवं निशाण हलवायचो. हात मोकळा करणं हे काम आहे असं कुठे लिहिलंय?”

बहात्तरच्या दुष्काळात पाण्याचा टँकर चाळीच्या अंगणात नेमका शनिवारी यायचा. त्या दिवशी बाहेरची वस्तू उचलून घरात आणायची नाही, असा त्यांचा नियम. आम्हाला वाटलं, आता काय करतील? शुक्रवारी दुपारी त्यांनी चाळीच्या अंगणाभोवती खांबांना सुतळी बांधली, प्रत्येक घरून चतकोर भाकरी मागून एका डब्यात ठेवली आणि जाहीर केलं, “भाकरी एका डब्यातली, म्हणजे आता दोरीच्या आतलं सगळं एकच घर. घरातल्या घरात हंडा नेला तर कोण काय म्हणेल?”

समोरच्या खोलीतली कोंडाबाई हसून म्हणाली, “आवो गार्डसायेब, द्येवाला काय दोरी दिसती व्हय?”

“दिसते तर! त्यालाच दाखवायला बांधली.”

मला हा माणूस फार आवडायचा. माझे वडील मी लहान असतानाच गेले. माझं म्हणणं ऐकून घेऊन, त्यातली चूक काढून, पुन्हा “पण मुद्दा चांगला होता हं” म्हणणारं मोठं माणूस मला तोवर भेटलेलंच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्यांच्या घरी जाण्याला रूबेन हेही एक कारण होतं. आमचं जमलं होतं. त्याला बोलायला जमत नसे, पण माझ्या सायकलची चेन पडली की ती बसवायला तो कुठूनही हजर व्हायचा.

त्यांच्या एका सणाच्या संध्याकाळी गार्डसाहेबांनी मला काळ्या मनुकांचं सरबत दिलं आणि रूथची गोष्ट सांगितली. रूथ परक्या मवाब देशाची. विधवा झाली तरी सासूला सोडून गेली नाही. “तुझे लोक ते माझे लोक” म्हणत तिच्या मागे आली आणि सासूच्या लोकांतल्याच एकाशी तिनं लग्न केलं. “पण शास्त्रात तर स्पष्ट आहे, मवाबी माणसाला आपल्यात घ्यायचं नाही. मग? मास्तरीणबाई, ‘मवाबी’ कुठलं लिंग?”

“तिथे पुल्लिंग असणार.”

“झालं तर!” त्यांनी मांडीवर थाप मारली. “मवाबीण असं लिहिलेलं नाही. तिच्याच वंशात पुढे दावीद राजा झाला.”

मला रात्रभर झोप आली नाही. जो माणूस स्टोव्ह पेटवा असं तोंडानं सांगत नाही, तो हे तरी सरळ कसं सांगेल? माझी खात्रीच पटली, की त्यांना आमचं दोघांचं सगळं ठाऊक आहे आणि त्यांनी मला वाट दाखवली आहे.

पुढच्याच महिन्यात आई स्थळ घेऊन आली. “आगं, पोरगं शिकल्यालं हाय, हिरीला पानी हाय. आसल्या दुस्काळात आनखी काय पायजे तुला?” मी नाही म्हटलं. आई रडत परत गेली आणि भावानं बोलणं टाकलं. मी निश्चिंत होते, इतकी की आज त्याचं हसू येतं.

विचारायचं रूबेननं होतं. तो उद्या, उद्या करत राहिला, तेव्हा मीच गेले. रविवार होता, त्यामुळे सरळ विचारायला हरकत नव्हती. गार्डसाहेबांनी चष्मा काढला.

“नाही, मास्तरीणबाई.”

“शास्त्रात वाट नाही?”

“आहे. पण ती मी काढणार नाही.”

“मग रूथची गोष्ट मला कशाला सांगितलीत?”

“तुम्हाला अशा गोष्टी आवडतात म्हणून.”

रूबेनसाठी मुंबईची मुलगी ठरली होती. लग्न झालं की सगळे इस्रायलला जाणार होते. हे दिवाळीतच ठरलेलं, म्हणजे त्या सरबताच्या कितीतरी आधी. “तुमचं दोघांचं मला कळलं होतं,” ते म्हणाले. “वाटलं, आम्ही गेलो की आपोआप मिटेल.” रूबेन खाटेवर बसून बूट पुसत होता. त्यानं मान वर केली नाही.

निघायच्या दिवशी टांगा दारात उभा असताना गार्डसाहेब माझ्याकडे आले. “आमच्यावर राग धरू नका.”

मी म्हटलं, “तुमच्या शास्त्रानं नाही म्हटलं असतं तर मी मुकाट्यानं ऐकलं असतं. नाही तुम्ही म्हणालात.”

एरवी कशाचाही अर्थ लावून दाखवणारा तो माणूस टोपी नीट करून टांग्याकडे वळला.

पुढे माझं लग्न झालं, मुलं झाली, नोकरीही पुरी झाली. रूबेनला मी केव्हाच माफ करून टाकलं. तो भित्रा होता, एवढंच. गार्डसाहेबांना मात्र अजून माफ करता आलेलं नाही. रूबेनपेक्षा माझा जीव त्यांच्यावर जास्त होता, हे मला ते निघून गेल्यावर कळलं.